महाराष्ट्रातील पोलीस कल्याण

महाराष्ट्रातील पोलीस कल्याण या संज्ञेत महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी, अंमलदार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या निवास, आरोग्य, रजा, शिक्षण, आर्थिक साहाय्य आणि पुनर्वसन यांविषयीच्या व्यवस्थांचा समावेश होतो. या व्यवस्था राज्य शासनाचा गृह विभाग, पोलीस महासंचालक कार्यालय, पोलीस आयुक्तालये, जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालये आणि महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ यांच्यामार्फत चालतात. सुमारे दोन लाख मनुष्यबळाच्या या दलात शिपाई ते सहायक उपनिरीक्षक या दर्जाच्या अंमलदारांची संख्या सर्वाधिक असल्याने कल्याणाचे बहुतेक प्रश्न याच वर्गाशी निगडित आहेत.

इतर शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे पोलिसांना संघटना स्थापन करून वेतन व सेवाशर्तींबाबत वाटाघाटी करण्याची मुभा नाही. त्यामुळे पोलीस कल्याणाच्या बहुतांश तरतुदी करारातून नव्हे, तर शासन निर्णय, परिपत्रके आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आदेश यांतून अस्तित्वात आल्या आहेत. त्यांची व्याप्ती आणि सातत्यही पुष्कळ अंशी याच गोष्टीवर अवलंबून राहिले आहे.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात पोलीस दलाचे नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचे नाव मुंबई पोलीस अधिनियम) याद्वारे होते. या अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्याची नेमणूक राज्याच्या कोणत्याही भागात करता येते. ब्रिटिश काळातील पोलीस अधिनियम, १८६१ मध्येही अशीच तरतूद होती. कारखान्यातील कामगारांना लागू असलेली कामाच्या तासांची वैधानिक मर्यादा पोलिसांना लागू नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. या अधिकारात पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६ संमत झाला. त्यानुसार पोलीस दलातील कोणत्याही व्यक्तीस सक्षम प्राधिकरणाच्या स्पष्ट मंजुरीशिवाय कामगार संघटनेचे किंवा तत्सम संघटनेचे सदस्य होता येत नाही. वृत्तपत्रांशी संपर्क साधण्यावरही निर्बंध आहेत. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिल्ली पोलिसांच्या कर्मचारी संघटनेची मान्यता रद्द करण्यात आल्यावर या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. मात्र न्यायालयाने तो वैध ठरवला.

ही बंदी निरपवाद नाही. शासनाच्या मंजुरीने संघटना चालू शकते. केरळमध्ये कनिष्ठ पोलीस कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटना कार्यरत आहे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांचीही संघटना आहे. महाराष्ट्रातील अंमलदारांना मात्र १९८२ नंतर अशी मान्यता राहिलेली नाही.

इतिहास

राष्ट्रीय पोलीस आयोग

१९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. फेब्रुवारी १९७९ मधील पहिल्या अहवालाचा मोठा भाग शिपायांची राहणी, वेतनरचना, निवास, ऑर्डरली पद्धत आणि गाऱ्हाण्यांचे निवारण या विषयांना वाहिलेला होता. शिपायाचे काम निव्वळ शारीरिक स्वरूपाचे नसून त्यात निर्णयक्षमता लागते, म्हणून वेतन ठरवताना त्याची गणना अकुशल कामगारांत होऊ नये, अशी आयोगाची भूमिका होती. त्याच वर्षी देशातील अनेक राज्यांत पोलिसांमध्ये असंतोषाचा उद्रेक झाला.

१९८२ चे मुंबईतील आंदोलन

१९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच मुंबईतील पोलीस शिपायांमध्येही वेतन, कामाचे तास आणि वागणूक यांविषयी असंतोष वाढला होता. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदवला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी शासनाने शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या नेत्यांना अटक केली. त्यानंतर शहरात हिंसाचार उसळला आणि परिस्थिती आटोक्यात आणण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. आंदोलनाशी संबंधित अनेक कर्मचाऱ्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. त्या वेळी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते.

या घटनेनंतर अंमलदारांच्या मागण्या मांडणारे मान्यताप्राप्त व्यासपीठ उरले नाही. कल्याणाची संपूर्ण जबाबदारी विभागीय यंत्रणेकडे राहिली.

यंत्रणा आणि निधी

प्रत्येक आयुक्तालयात व जिल्ह्यात पोलीस कल्याण निधी असतो. अंमलदार व अधिकाऱ्यांच्या वेतनातून होणारी वर्गणी, शासकीय अनुदान आणि कल्याणकारी उपक्रमांचे उत्पन्न यांतून तो उभा राहतो. वैद्यकीय उपचार, मुलांचे शिक्षण आणि आकस्मिक अडचणी यांसाठी त्यातून मदत किंवा अग्रिम रक्कम दिली जाते. अनेक ठिकाणी पोलीस दलामार्फत पेट्रोल पंप, सभागृहे आणि व्यायामशाळा चालवल्या जातात. गृहोपयोगी वस्तू सवलतीच्या दरात देणाऱ्या पोलीस कँटीनचा लाभ सेवेतील व निवृत्त पोलिसांना मिळतो. मुंबई पोलिसांच्या कल्याणासाठी चित्रपटसृष्टीतील कलावंतांच्या सहभागाने होणारा ‘उमंग’ हा कार्यक्रम प्रसिद्ध आहे.

पोलीस कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्था हा या व्यवस्थेचा जुना घटक आहे. लग्न, शिक्षण, आजारपण किंवा घरदुरुस्ती यांसाठी अंमलदार प्रथम पतसंस्थेकडे वळतात. हप्ते वेतनातून परस्पर कापले जातात.

निवास

पोलीस मुख्यालयाच्या परिसरातील वसाहतींना बोलीभाषेत ‘पोलीस लाइन’ म्हणतात. पोलीस ठाण्याजवळ राहणारा अंमलदार कोणत्याही वेळी बोलावता येतो, हे या वसाहतींमागील मूळ कारण होते. त्यामुळे शासकीय निवासस्थान ही सोय असण्याबरोबरच सेवेची गरजही मानली गेली. शासकीय घर न मिळालेल्यांना घरभाडे भत्ता दिला जातो. मोठ्या शहरांत प्रत्यक्ष भाडे भत्त्यापेक्षा अधिक असल्याने अनेक कुटुंबे दूरच्या उपनगरांत किंवा मूळ गावी राहतात.

वसाहती व पोलीस ठाण्यांच्या इमारती बांधण्यासाठी १९७४ मध्ये महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाची स्थापना झाली. स्वतःचे घर घेण्यासाठी अंमलदारांना घरबांधणी अग्रिम मिळतो. पोलीस महासंचालक कार्यालयामार्फत राबवली जाणारी कर्जयोजना दलात ‘डीजी लोन’ या नावाने ओळखली जाते.

बीडीडी चाळी

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधल्या. एकूण २०७ चाळींमधील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांपैकी बऱ्याच खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून देण्यात आल्या. निवृत्तीनंतर किंवा कर्त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मुंबईत पर्यायी घर परवडत नसल्याने अनेक कुटुंबे तेथेच राहिली. ही कुटुंबे कायद्याने भाडेकरू नव्हती आणि त्यांच्यातील अनेकांच्या दोन-तीन पिढ्या त्याच खोलीत वाढल्या होत्या.

चाळींच्या पुनर्विकासात इतर रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य देण्याचे ठरल्यावर या पोलीस कुटुंबांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. अशा सुमारे सव्वादोन हजार कुटुंबांना बांधकाम खर्च आकारून घरे देण्याचे शासनाने मान्य केले. आकारणीची रक्कम प्रथम ५० लाख रुपये सांगण्यात आली. पुढे ती कमी करत २०२२ मध्ये १५ लाख रुपये निश्चित करण्यात आली.

कामाचे तास, सुट्टी आणि रजा

पोलीस ठाण्यांत परंपरेने बारा तासांची पाळी चालत आली आहे. गणेशोत्सव, आषाढी वारी, चैत्यभूमीवरील ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, निवडणुका आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे या काळात बंदोबस्ताची वेळ त्याहून वाढते. रजा व साप्ताहिक सुट्ट्या रद्द होतात. सणासुदीला घरी नसणे ही त्यामुळे पोलीस कुटुंबांची नित्याची बाब ठरते. राज्य राखीव पोलीस बलाच्या तुकड्या दीर्घकाळ मुख्यालयाबाहेर असतात आणि जवानांची कुटुंबे गटाच्या वसाहतीत राहतात.

मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने मनुष्यबळाची नव्याने आखणी करून आठ तासांच्या तीन पाळ्या चालवता येतील, असा आराखडा मांडला. तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे २०१६ मध्ये तो त्याच ठाण्यात प्रायोगिक तत्त्वावर लागू केला. जानेवारी २०१७ पासून तो शहरातील इतर पोलीस ठाण्यांतही लागू करण्यात आला. मनुष्यबळाची कमतरता आणि वाढता बंदोबस्त यांमुळे पुढे ही पद्धत सर्वत्र सारख्या प्रमाणात टिकली नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला अंमलदारांची पाळी बारावरून आठ तासांवर आणण्याचा निर्णय प्रायोगिक तत्त्वावर जाहीर केला. घरकाम व अपत्यसंगोपनाचा भार लक्षात घेऊन हा निर्णय घेण्यात आला होता. सण किंवा आणीबाणीच्या प्रसंगी अधिक वेळ काम देण्याची मुभा मात्र वरिष्ठांकडे राहिली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करावे लागल्यास त्याचा मोबदला दिला जातो. २०२२ मध्ये पोलिसांच्या वार्षिक नैमित्तिक रजा १२ वरून २० करण्यात आल्या. रजा मंजूर करणे हे ठाणे प्रभारी व वरिष्ठांच्या अधिकारात असल्याने खात्यावर शिल्लक असलेली रजा प्रत्यक्षात मिळेलच असे नसते.

आरोग्य

दीर्घकाळ उभे राहणे, रात्रपाळी, अवेळी जेवण आणि झोपेचा अभाव यांमुळे पोलिसांमध्ये उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पाठीचे व सांध्यांचे विकार आढळतात. वाहतूक शाखेतील अंमलदारांना धूर व ध्वनी यांचाही त्रास होतो. महिला अंमलदारांच्या बाबतीत बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसणे हा आरोग्याचाच प्रश्न ठरतो. त्यासाठी काही शहरांत फिरत्या स्वच्छतागृहांची सोय करण्यात आली आहे.

मुंबईत नागपाडा येथे पोलीस रुग्णालय आहे. अनेक जिल्हा मुख्यालयांत पोलीस दवाखाने चालतात. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेखाली ठरावीक गंभीर आजारांवर मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयांत कर्मचारी व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर उपचार होतात. योजनेत नसलेल्या आजारांचा खर्च आधी स्वतः करून नंतर वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी देयक सादर करावे लागते. लहान जिल्ह्यांत मान्यताप्राप्त रुग्णालये थोडी असल्याने रुग्णाला दूरच्या शहरात न्यावे लागते.

मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन, योग व ध्यान शिबिरे घेतली जातात. तणावाची कबुली दिल्यास शस्त्र काढून घेतले जाईल किंवा दुय्यम काम मिळेल, या भीतीने मदत मागण्याचे टाळले जाते, ही अडचण जगभरातील पोलीस दलांत आढळते.

कोविड-१९ साथ

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात नाकाबंदी, प्रतिबंधित क्षेत्रे आणि स्थलांतरित मजुरांची वाहतूक ही कामे पोलिसांकडे होती. ऑगस्ट २०२० पर्यंत राज्यातील शंभराहून अधिक पोलिसांचा संसर्गाने मृत्यू झाला होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या काही मृत्यूंनंतर ५५ वर्षांवरील अंमलदारांना घरी राहण्यास सांगण्यात आले. कर्तव्यावर संसर्ग होऊन मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर झाले. मृत पोलिसाच्या नियोजित निवृत्तीच्या तारखेपर्यंत कुटुंबाला शासकीय निवासस्थानात राहू देण्याचाही निर्णय झाला. एरवी कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अल्पावधीत घर रिकामे करावे लागत असल्याने कुटुंबांच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे होते.

शिक्षण आणि पाल्य

काही शहरांत पोलीस दलाच्या पुढाकाराने शाळा, अभ्यासिका आणि पाळणाघरे चालवली जातात. गुणवंत पाल्यांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती व बक्षिसे मिळतात. पोलीस भरतीतील समांतर आरक्षणात ‘पोलीस पाल्य’ हा स्वतंत्र प्रवर्ग आहे.

पाल्यांच्या शिक्षणावर बदल्यांचा थेट परिणाम होतो. प्रकाश सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांत बदल्या व नेमणुकांसाठी पोलीस आस्थापना मंडळ स्थापण्याचा समावेश होता. त्यानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. कलम २२-न नुसार अंमलदारांचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाल पाच वर्षांचा ठरवण्यात आला. कुटुंबजीवनावर परिणाम करणाऱ्या तरतुदींपैकी थेट अधिनियमात स्थान मिळालेल्या मोजक्या तरतुदींमध्ये हिचा समावेश होतो. प्रशासकीय कारणास्तव मुदतपूर्व बदली करण्याचा अधिकार मात्र कायम आहे.

कर्तव्यावर मृत्यू आणि हुतात्म्यांची कुटुंबे

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांची नावे वाचली जातात आणि कुटुंबीयांचा सन्मान केला जातो.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवादी हल्ल्यांत पोलिसांची मोठी हानी झाली आहे. २००९ मध्ये मरकेगाव येथे १५, तर लाहेरी येथे १७ पोलीस मृत्युमुखी पडले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक ठार झाले. या जिल्ह्यातील विशेष पथकांत स्थानिक तरुणांचा भरणा असल्याने अनेक पीडित कुटुंबे त्याच दुर्गम भागातील आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांच्यासह अनेक पोलीस हुतात्मा झाले. सहायक उपनिरीक्षक ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या हल्ल्यानंतर बुलेटप्रूफ जॅकेटांचा दर्जा आणि शस्त्रसामग्री यांवर सार्वजनिक चर्चा झाली व संरक्षक साधने हाही कल्याणाचा भाग मानला जाऊ लागला.

हुतात्म्यांच्या वारसांना सानुग्रह अनुदान, निवृत्तिवेतनविषयक लाभ आणि अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळू शकते. वेतन खात्याशी जोडलेला अपघात विमाही काही प्रकरणी उपयोगी पडतो. आजार, रस्ता अपघात किंवा हृदयविकाराने सेवेत असताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये लाभांचे प्रमाण वेगळे असते. अशा कुटुंबांची मुख्य भिस्त अनुकंपा नियुक्तीवर असून प्रतीक्षायादीमुळे ती मिळण्यास विलंब होतो.

पदोन्नती आणि निवृत्ती

शिपाई म्हणून भरती झालेल्या अनेकांची सेवा हवालदार किंवा सहायक उपनिरीक्षक पदावर संपत असे. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द करून शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक आणि उपनिरीक्षक अशी रचना करण्यात आली. निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षक पदापर्यंत पोहोचणाऱ्या अंमलदारांची संख्या वाढावी, हा त्यामागील हेतू होता.

पोलीस वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना इतर राज्य कर्मचाऱ्यांप्रमाणे परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली. जुन्या योजनेच्या मागणीसाठी इतर कर्मचारी संपावर गेले, तरी पोलिसांना त्यात सहभागी होता येत नाही.

गाऱ्हाण्यांचे निवारण

अंमलदार आपली तक्रार वरिष्ठांपुढे ऑर्डरली रूममध्ये किंवा पोलीस दरबारात मांडू शकतो. दरबारात घटकप्रमुख सर्वांसमोर अडचणी ऐकून आदेश देतात. ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच अधिकारी रजा, कर्तव्यवाटप आणि गोपनीय अहवाल यांवर नियंत्रण ठेवत असल्यास ही पद्धत अपुरी पडते. सेवाविषयक वादांसाठी १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. बदली, पदोन्नती व शिस्तभंगाची प्रकरणे तेथे चालतात; कामाचे तास किंवा निवास यांसारखे सामूहिक प्रश्न वैयक्तिक अर्जातून सुटणे अवघड असते.

कर्मचाऱ्यांना जाहीरपणे बोलता येत नसल्याने अनेकदा कुटुंबीय पुढे येतात. २०१६ मध्ये मुंबईत वाहतूक शाखेतील एका हवालदाराचा मारहाणीत मृत्यू झाल्यानंतर पोलीस पत्नींनी राजकीय नेत्यांच्या भेटी घेऊन सुरक्षितता व कामाच्या तासांचा प्रश्न मांडला. २०२४ मध्ये तेलंगणातील विशेष पोलीस दलाच्या जवानांच्या पत्नींनीही रस्त्यावर येऊन निदर्शने केली.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण दिले जाते. तेथे १९१८ व १९१९ मधील पोलीस संपांनंतर पोलीस अधिनियम, १९१९ द्वारे पोलिसांच्या कामगार संघटनांवर बंदी आली. त्याच कायद्याने इंग्लंड व वेल्समधील पोलिसांसाठी पोलीस फेडरेशन ही वैधानिक प्रातिनिधिक संस्थाही स्थापन केली. संपाचा अधिकार नाकारताना मागणी मांडण्याचा मार्ग खुला ठेवण्यात आला. भारतात १९६६ च्या कायद्याने निर्बंध घातले, तथापि अशी पर्यायी संस्था निर्माण केली नाही.

चर्चा

पोलीस कल्याणाविषयीच्या चर्चेत दोन भूमिका दिसतात. पहिल्या भूमिकेनुसार शस्त्रधारी दलात संघटना आल्यास शिस्त ढासळेल. १९८२ चा अनुभव तिच्या समर्थनार्थ सांगितला जातो. दुसऱ्या भूमिकेनुसार कायद्याने सदैव कर्तव्यावर मानलेल्या आणि बोलण्यास मनाई केलेल्या कर्मचाऱ्याचे कल्याण ही सवलत नसून त्या निर्बंधांच्या बदल्यात शासनावर येणारे दायित्व आहे. आठ तासांच्या पाळीसारखे उपक्रम अधिकारी बदलल्यावर क्षीण होतात, याकडे ही बाजू लक्ष वेधते आणि कामाचे तास, विश्रांती व निवास यांच्या किमान निकषांना कायद्याचे अधिष्ठान द्यावे, असे सुचवते. थकलेल्या पोलिसाकडून संयमाची व अचूक तपासाची अपेक्षा करता येत नाही, म्हणून हा प्रश्न नागरिकांच्या सुरक्षिततेशीही जोडला जातो.

हेही पाहा

महाराष्ट्र पोलीस
मुंबई पोलीस
राज्य राखीव पोलीस बल
पोलीस स्मृतिदिन
राष्ट्रीय पोलीस आयोग
बीडीडी चाळ